रज्जाकभाईची गच्ची

फोन आला तेव्हा मी विसरवाडीला बसमध्ये बसलो होतो. सुरतेला मुलीकडे चार दिवस राहून परत निघालो होतो. बस चहापाण्याला थांबली होती, ड्रायव्हर-कंडक्टर हॉटेलात गेले होते. फोनवर सलीमचं नाव दिसलं आणि मला हसूच आलं. वाटलं, रज्जाकभाईने मुलाच्या फोनवरून आठवण दिली असणार, सुरतेहून अमुक झाडाची फांदी आणलीस का म्हणून. सलीम म्हणाला, "हिराकाका, अब्बा गयात…" पुढेही तो काहीतरी बोलला, पण शेजारून एक ट्रक गेला आणि ते मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही. पिशवी घेऊन खाली उतरलो, नंदुरबारकडे निघालेल्या एका गाडीवाल्याला हात केला आणि तिथून पुढे तळोद्याला कसा पोचलो ते आता नीट आठवत नाही. कब्रस्तानात गेलो तेव्हा माती देणं चाललं होतं. लोकांनी मला वाट करून दिली. मीही माती दिली, आणि हात झटकायचं धाडस होईना म्हणून तसाच उभा राहिलो.

रज्जाकभाईबद्दल लिहायचं त्या दिवशीच ठरवलं होतं, पण कित्येक आठवडे कागद कोराच राहिला. त्याच्या हाताच्या कसबाबद्दल, आमच्या दोस्तीबद्दल लिहिणं सोपं होतं. पण त्याची शेवटची वर्षं खरी लिहायची तर जी गोष्ट त्याने जिवापाड लपवली तीच सांगावी लागते. ती त्याच्या लाजेची आहे आणि थोडी माझ्याही लाजेची आहे. त्याच्या घरच्यांनी मला लिहायला सांगितलं म्हणून लिहितो आहे, तरीही लिहिताना मान वर होत नाही.

तळोद्याच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, पेट्या, पन्हाळी, जे पत्र्यात होईल ते तो करायचा. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं कोठी विकत घ्यायची आणि जीपच्या टपावर दोरीने बांधून घेऊन जायची. दुकानाच्या समोरच आमची शाळा. आमची तापीकाठची शेती भाऊ बघायचे, मी शाळेत क्लार्क होतो. नोकरीला लागलो त्या सुमारासच हेडसरांनी मला त्याच्याकडे पिटाळलं होतं. तासाला ठोकाठोक बंद ठेवा, मुलांना काही ऐकू येत नाही, असं सांगायला. त्याने हातोडी खाली ठेवली, मला चहा मागवला आणि म्हणाला, "तुन्हा सरले सांग, पोरेसले मन्हा ठोकाना तालवर पाढा म्हनाले लाव." ठोकाठोक काही बंद झाली नाही, पण रोज संध्याकाळचा चहा मात्र सुरू झाला, तो मी निवृत्त झालो तरी सुटला नाही. दिवसभर पत्र्याच्या काळ्या कामात असणारा हा माणूस बाहेर निघाला की पांढराशुभ्र असायचा. इस्त्रीचा पायजमा-कुर्ता, कोरलेली दाढी, कानात अत्तराचा फाया. शुक्रवारी नमाजला निघाला की त्याच्या मागे अख्ख्या गल्लीला वास यायचा. स्वच्छतेचं त्याचं हे वेड मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते अशा माणसाच्या वाट्याला आलं.

त्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. म्हातारपणी होतंच बऱ्याच जणांना. ऑपरेशन चांगलं झालं, नळी निघाली, तो घरी आला. पण लघवीवरचा ताबा काही पूर्ण परत आला नाही. उठता-बसता, खोकताना, कधी काहीच न करता थेंब थेंब जायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, नाही सुधारलं तर परत या, त्यावरही उपाय आहेत. हा परत गेलाच नाही. दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या मुलीसमोर काय त्रास आहे ते बोलावं लागतं, एवढ्यासाठी गेला नाही. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की दुकान सलीम बघतो, रज्जाकभाई बाहेर पडत नाही आणि शुक्रवारी मशिदीतही दिसत नाही. बाजारात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे मशिदीच्या मंडळींशी त्याचं बिनसलं, कुणी म्हणे मुलाने दुकान बळकावलं म्हणून रुसला. मी घरी गेलो की तो खिडकीशी यायचा, उभ्या उभ्या बोलायचा आणि आत जायचा. बस म्हणायचा नाही.

मला त्याचा राग आला. किती दिवस हा माणूस घरात कोंडून घेणार? आमच्या शाळेतल्या जुन्या शिपायाच्या मुलीचं धडगावला लग्न होतं. तो आम्हा दोघांचाही मित्र. मी हट्टच धरला. "तू येत नसशील तर मीही जात नाही," असं म्हणून त्याला अक्षरशः ओढून जीपमध्ये बसवलं. जीप नेहमीसारखी खच्चून भरलेली. घाट सुरू झाला तसा तो हळूच म्हणाला, "हिराभाऊ, गाडी थांबाडी दे ना." मी म्हणालो, "आते तं चढाव लागना, वर गया का थांबाडू." आणि पुन्हा गप्पांना लागलो. त्याने आणखी एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेही मी हसण्यावारी नेलं. मग शेजारच्या बाईने लुगडं आवरून पाय वर घेतले आणि आपल्या माणसाला काहीतरी म्हणाली. मागचे लोक वाकून बघायला लागले. वास आला. रज्जाकभाई मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होता, त्याचा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. आणि मी… मी खिडकीबाहेर बघायला लागलो. जणू तो माझ्याबरोबर आलेलाच नाही. किती वेळ बघितलं कोण जाणे, एक वळण असेल की दोन. मग माझा मलाच धक्का बसल्यासारखं झालं आणि मी ओरडून गाडी थांबवली. आम्ही दोघे उतरलो, जीप पुढे निघून गेली.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक कातळ होता. मी खांद्यावरचा टॉवेल त्याला दिला. बाटलीतल्या पाण्याने त्याने पायजमा खंगाळला आणि झुडपावर वाळत टाकला. टॉवेल गुंडाळून माझ्याकडे पाठ करून तो बसला आणि तसाच, समोरच्या दरीकडे बघत, त्याने मला सगळं सांगितलं. दुकानात पत्र्याचं माप सांगावं तसं सांगितलं. "माले मन्हीच घाण येस," एवढंच एकदा म्हणाला. खिडकीबाहेर बघणारा तो क्षण आम्हा दोघांच्या मध्ये येऊन बसला होता, आणि तो त्यालाही दिसत होता. थंडीचे दिवस, उन्हात धग नव्हती, पायजमा लवकर वाळेना. बसल्या बसल्या त्याने कातळाच्या फटीतून एक जाड, गुबगुबीत पान उचललं. पानफुटीचं. झाडापासून गळून पडलेलं, पण वाळलेलं नव्हतं. त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेत मोहरीएवढं रोप आणि त्याला केसासारखी मुळं. ना माती, ना पाणी. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ही मूतखड्यावर देतात. लघवी मोकळी होते." त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटला. "आरे बाप! माले तं उलटी दवा जोईजे!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही दोघे हसलो. त्यातलं काही हसण्याचं होतं, काही नव्हतं. लग्नाला आम्ही गेलो नाही. खाली उतरणाऱ्या रिकाम्या टेम्पोतून परत आलो. गल्लीच्या तोंडाशी त्याने माझा हात धरला. "कोनले सांगू नको. सलीमले बी नही." त्याच्या कुर्त्याच्या खिशात ते पान होतं.

गच्चीवर झाडं लावायचं वेड तिथून सुरू झालं. सुनेने, शबानाने, त्याला नंदुरबारच्या नर्सरीतून दोन-तीन सक्युलंट, म्हणजे जाड पानाखोडात पाणी साठवणारी झाडं, आणून दिली: गुलाबासारखा पानांचा गुच्छ असलेलं एक, जेडचं एक. त्याने एकातून दहा करायला घेतले. मला वाटलं होतं, कारागीर माणूस, हात लावील ते जमेल. कसलं काय! सुरुवातीला पान तोडलं की लगेच मातीत खोचायचा आणि वरून तांब्याभर पाणी. पानं काळी पडून सडायची. मग कळलं की पान देठापासून अख्खं, पिळून काढायचं, अर्धवट तुटलेलं उपयोगाचं नाही. ते सावलीत तसंच पडू द्यायचं, जखम वाळून तिच्यावर साल धरेपर्यंत. मग वाळू आणि विटेचा चुरा मिसळून त्यावर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. मुळं दिसेपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. हे कळल्यावर त्याने हौसेने पत्र्याचे उथळ ट्रे केले, तळाला भोकं पाडली, कडा सुबक मुडपल्या. उन्हाळा आला, पत्रा तापला आणि ट्रेमधली सगळी रोपं मुळापासून भाजली. "जलमभर पत्रा ठोका, अन् पत्रानीच दगा दिधा," असं म्हणून त्याने स्वतःच्या हातचे ते सुंदर ट्रे भंगारात टाकले आणि मातीच्या पसरट कुंड्या आणल्या. बियांचंही तेच. फुगीर बुंध्याच्या अडेनियमच्या शेंगा शिंगांसारख्या जोडीने येतात आणि पिकल्या की फुटून कापसासारखं बी उडून जातं. पहिल्या खेपेला सगळं बी वाऱ्यावर गेलं. दुसऱ्या खेपेला मुंग्यांनी नेलं. मग तो शेंग पिवळी पडायला लागली की तिच्याभोवती दोरा गुंडाळून ठेवायला लागला. बी पेरून आठ दिवसांनी हिरवे ठिपके वर आले तेव्हा त्याने मला फोन करून बोलावून घेतलं. एक फुगीर रोप हातात धरून म्हणाला, "देख, हाई पाणी कसं धरी ठेवस. मन्हापेक्षा हुशार शे."

घरात त्याने सक्त ताकीद दिली होती, गच्चीवर कुणी यायचं नाही, रोपांना धक्का लागतो. घरच्यांना वाटलं, म्हातारपणाचा छंद आहे, रमतोय तर रमू द्या. मला मात्र त्याने एकदा रोपांना ऊन लागू नये म्हणून बांधलेल्या हिरव्या जाळीच्या पलीकडे नेलं. तिथे पाण्याच्या टाकीआड दोरी होती आणि तिच्यावर जुन्या लुंगीचे कापलेले पांढरे चौकोन ओळीने वाळत होते. तो ते स्वतः धुवायचा, स्वतः वाळवायचा, घड्या करून स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवायचा. झाडांवर त्याचा जीव होता यात खोटं काहीच नाही. पण झाडं होती म्हणून ती दोरी तिथे राहू शकत होती, हे त्या दिवशी मला समजलं.

ईद आली. दर ईदला नमाज झाली की तो ईदगाहवरून थेट आमच्या दारात यायचा आणि गळाभेट घ्यायचा. त्या वर्षी आला नाही म्हणून मीच गेलो. घरचे पुरुष नमाज पढून गाठीभेटींना गेलेले आणि हा गच्चीवर शेंगांना दोरा बांधत बसलेला. मी शेजारी बसलो. दोऱ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "मन्ही वजू टिकत नही, हिराभाऊ." नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन जी शुद्धी करतात ती वजू. लघवीचा थेंब गेला की ती मोडते. मोडलेल्या वजूनिशी मशिदीत उभं राहायचं कसं, आणि उभं राहिलं तर शेजारच्याला वास आला तर? "मौलानांना विचार ना," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा शेंगेला दोरा गुंडाळायला लागला. पोरसवदा मौलाना, याच्या मुलापेक्षा लहान. त्याच्यासमोर हे सांगण्यापेक्षा नमाज सोडणं त्याला सोपं वाटत होतं. त्यात त्याला काय सोसावं लागत होतं, हे मला पुरतं कळलं असेल असं मी म्हणणार नाही.

मी गेलो मौलानांकडे. रज्जाकभाईला न विचारता गेलो. एक हिंदू म्हातारा मशिदीच्या ओट्यावर येऊन लघवीबद्दल प्रश्न विचारतोय, माझी कानशिलं तापली होती. "एका ओळखीच्याचा प्रश्न आहे," असं मी दोन-तीनदा म्हणालो. मौलानांनी नाव विचारलं नाही. शांतपणे म्हणाले, ज्याचं थांबतच नाही त्याला धर्माने सूट दिलेली आहे. प्रत्येक नमाजाच्या वेळी नव्याने वजू करायची, स्वच्छ कपडा बांधायचा, बस. त्यानंतर थेंब गेला तरी त्या वेळेची नमाज होते. "हे विचारायला लोक लाजतात," ते म्हणाले, "आणि सांगायला आम्हीही विसरतो." मी सुटलो असं वाटून घरी आलो. रज्जाकभाईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं याचा विचार करत राहिलो आणि तेवढ्यात शुक्रवार उजाडला. त्या दिवशीच्या प्रवचनात मौलानांनी नेमका हाच विषय घेतला, कुणाचंही नाव न घेता, अगदी सविस्तर. बाहेर भोंगा होता. गच्चीवर कुंड्यांजवळ बसलेल्या रज्जाकभाईने शब्दन् शब्द ऐकला.

संध्याकाळी तो माझ्या दारात उभा होता. कितीतरी महिन्यांनी गल्ली ओलांडून एकटा आला होता, आणि आला तो भांडायलाच. "तूच ईचारं ना?" मी हो म्हणालो. "मन्ही लाज तू भोंगावर चढाडी!" निर्मला, माझी बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली तसा तो गप्प झाला. तिच्यासमोर तो काही बोलू शकत नव्हता आणि मीही काही समजावू शकत नव्हतो. तो वळून निघून गेला. त्यानंतर दीड-दोन महिने आम्ही बोललो नाही. दुकानासमोरून जाताना मी मान खाली घालून जायचो. मला पटत होतं की मी त्याचं भलं केलं, आणि तरी जीपमधल्या त्या वळणापेक्षा हे जास्त लागत होतं, कारण या वेळी मी विचार करून वागलो होतो.

एका शुक्रवारी बाजारातून येताना अत्तराचा वास आला. मी मागे वळून बघितलं नाही. पाठीमागून पावलं आली आणि पुढे गेली, पांढरा पायजमा, पांढरा कुर्ता, जरा सावकाश चाल. तो मशिदीत गेला आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराकडच्या कोपऱ्यात उभा राहिला. मी समोरच्या पानटपरीवर उगाच थांबलो. नमाज सुटल्यावर लोकांनी त्याला घेरलं, हात मिळवले, कुठे होतास म्हणाले. कुणालाही कसला वास आला नाही. माझ्यासमोरून जाताना तो थांबला. "चहा पाजस का?" एवढंच म्हणाला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, माफीही कुणी मागितली नाही.

माती देऊन झाल्यावर चार दिवसांनी सलीमने मला घरी बोलावलं. आतल्या खोलीत रज्जाकभाईची बायको, हमीदाभाभी, बसल्या होत्या. सलीमने दार लोटलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "काका, तुमले माहीत व्हतं?" दफन करण्याआधी बापाला शेवटची आंघोळ मुलानेच घातली होती. कमरेला बांधलेला घडीचा कपडा त्याला तेव्हा दिसला. "मी त्यांना किती वेळा म्हणालो असेन, काका, चार लोकांत बसत जा, काय बाईमाणसासारखं घरात बसता. दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणालो…" तो रडत होता तसं मोठ्या माणसाला रडताना मी क्वचित पाहिलं आहे. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, हे मी त्याला कसंबसं सांगितलं. मग भाभी बोलल्या. "मला पण माहीत होतं. बायकोला नाही कळणार? ते लपवत होते, म्हणून मी पण न बघितल्यासारखं करत होते. ते गच्चीवर जायचे तेव्हा मी मुद्दाम खाली भांडी वाजवायची, म्हणजे त्यांना वाटावं की कुणी वर येत नाही." पुढे म्हणाल्या, "तिघांना माहीत होतं, भाऊ, आणि तिघंही एकेकटे." सलीमनेच मग सांगितलं, तुम्ही लिहिता ना काका, लिहा, नाव घालून लिहा. आणखी एखाद्याचा बाप तरी दवाखान्यात परत जाईल.

गच्चीवर आता शबाना जाते. फांद्या काढते, पानं सुकवते, शेंगांना दोरा बांधते. जाळी तिने काढून टाकलेली नाही, आणि टाकीआडच्या दोरीवर ती घरातले बाकीचे कपडे वाळत घालते. तिकडे बघितलं की रज्जाकभाई आत्ता हातात चिमटे घेऊन बाहेर येईल असं वाटतं.

हे मी इथेच संपवणार होतो. पण सुरतेला मी मुलीला भेटायला गेलो होतो हे अर्धंच खरं आहे. मला स्वतःला डॉक्टरांना दाखवायचं होतं, त्याच प्रोस्टेटसाठी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर केलेलं बरं; बहुतेक लोक पूर्ण बरे होतात, काळजी करू नका. मुलीला मी सांगितलं, रक्तदाबाची तपासणी. निर्मलाला काहीच सांगितलेलं नाही. रज्जाकभाईसोबत इतकी वर्षं काढून, सलीमला तसं रडताना बघून, हा एवढा लेख लिहूनसुद्धा आठवडेच्या आठवडे मी दवाखान्याचे कागद सदऱ्यांच्या खाली दडवून ठेवले आहेत. रोज ठरवतो आणि रोज जीभ उचलत नाही. उद्या हे छापून आलं आणि तिने पेपरात वाचलं, तर भाभींसारखी तीही काही न बोलता भांडी वाजवत राहील.

आत्ता ती बाहेर ओट्यावर तूर पाखडते आहे. मी सदऱ्यांखालचे ते कागद घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने सूप खाली ठेवलं.

"काय व्हयनं?" ती म्हणाली.